सहा झाडांची साल, एक रुग्ण : टॅक्सॉलचे प्रकरण

१९८९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी अंडाशयाच्या कर्करोगावरच्या एका छोट्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. चाचणीतल्या स्त्रियांचे आधीचे उपचार करून झाले होते आणि रोग पुन्हा उलटला होता. ज्यांचा निकाल मोजता आला अशा ४० जणींपैकी १२ जणींच्या गाठी टॅक्सॉल नावाच्या औषधाने चांगल्याच आकसल्या. शंभरात तीस. देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते त्या टप्प्यावर हा आकडा फार मोठा होता.

अडचण औषधाच्या उगमात होती. ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढावे लागे, साल सोलली की झाड मरे, आणि एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराला साधारण सहा झाडे लागत.

हे प्रकरण निवडण्याचे कारण सांगतो. ‘अमुक वनस्पतीत कर्करोग मारणारा घटक सापडला’ अशी बातमी आपण वरचेवर वाचतो. कुणाच्या घरात आजारपण असेल तर ती बातमी जपून ठेवली जाते, नातेवाइकांना पाठवली जाते, त्यावर आशा बांधली जाते. त्या आशेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच बातमीनंतर पुढे काय काय व्हावे लागते हे नीट सांगणे मला गरजेचे वाटते. घटक सापडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. तो किती मिळतो, कशात विरघळतो आणि गाठीपर्यंत पोचतो का, या तीन प्रश्नांवर बहुतेक घटक अडतात. टॅक्सॉलही तिन्ही ठिकाणी अडले होते.

साल

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० मध्ये कृषी खात्याशी करार करून वनस्पती गोळा करायला सुरुवात केली. एखाद्या झाडाची ख्याती ऐकून जायचे असे त्यात नव्हते. दिसेल ती वनस्पती घ्यायची, वाळवायची, अर्क काढायचा आणि तपासायचा. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले हे वनस्पतिशास्त्रज्ञ काही विद्यार्थ्यांसह वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट अरण्यात गेले होते. तिथून त्यांनी यूची साल पाठवली. उंच डग्लस फरच्या सावलीत वाढणारे हे बुटके, संथ वाढीचे झाड लाकूडतोड्यांच्या लेखी कचरा होते. मोठी झाडे तोडून झाली की उरल्यासुरल्या फांद्यांबरोबर यूही जाळून टाकत.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशी या सालीच्या अर्काने मेल्या, हे १९६४ मध्ये दिसले. मग साल नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे गेली. त्यांचे सहकारी होते मनसुख वाणी. नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले आणि इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले रसायनशास्त्रज्ञ. आपल्याकडे हे नाव शाळकरी मुलांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

अर्कात शेकडो पदार्थ असतात आणि त्यांतला नेमका कोणता पेशी मारतो हे बघून कळत नाही. त्यामुळे काम असे चालते : अर्क एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रावकांत घालून हलवायचा, थर वेगळे करायचे आणि दोन्ही थर पेशींवर तपासायला पाठवायचे. ज्या थरात मारक गुण आला तो ठेवायचा, दुसरा बाजूला करायचा. मग ठेवलेल्या थराचे पुन्हा दोन भाग. दर वेळी तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचे. वॉल आणि वाणी यांनी १२ किलो वाळलेल्या सालीवर असे काम केले आणि शेवटी हातात आले अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य. म्हणजे ०.००४ टक्के. १९६७ मध्ये वॉल यांनी त्याला टॅक्सॉल हे नाव दिले.

त्याची रचना ठरवणेही सोपे गेले नाही. क्ष-किरणांनी तपासता येतील असे स्फटिक मूळ रेणूचे मिळेनात, म्हणून तो दोन तुकड्यांत तोडला. तुकड्यांपासून केलेल्या पदार्थांचे स्फटिक मिळवले आणि ड्यूक विद्यापीठातल्या सहकाऱ्यांच्या मदतीने दोन्हींची रचना जुळवली. १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली : चार कड्यांचा गुंतागुंतीचा गाभा आणि त्याला जोडलेली एक बाजूची साखळी. गाभा आणि साखळी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, पुढे सगळे त्यांवरच फिरणार आहे.

त्यानंतरची काही वर्षे जवळपास काहीच घडले नाही. मिळते अत्यल्प, पाण्यात विरघळत नाही, उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर परिणाम बेताचा. अशा द्रव्यावर पैसा का घालावा, या प्रश्नाला त्या वेळी ठोस उत्तर नव्हते. थांबण्याचा तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. १९६० ते १९८१ या काळात या कार्यक्रमात एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले, आणि प्रत्येकाच्या मागे वीस वर्षे लागणे कोणालाच शक्य नव्हते. सत्तरच्या दशकात उंदरांमधल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, एका प्रकारावर टॅक्सॉल चांगले चालते असे दिसले, तेव्हा कुठे ते पुन्हा विचारात आले.

पेशीच्या आत

खरी कलाटणी १९७९ मध्ये मिळाली. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये सुझन हॉरविट्झ आणि त्यांचे विद्यार्थी पीटर शिफ यांनी टॅक्सॉल पेशीत नेमके काय करते ते शोधले.

सूत्री विभाजन शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते. पेशी दुभंगण्यापूर्वी गुणसूत्रे मधोमध रांगेत येतात आणि तुरीय तंतू त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात. हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ, अतिसूक्ष्म नळ्यांचे बनलेले असतात. या नळ्यांच्या टोकाला ट्युब्युलिनचे कण सतत जोडले जातात आणि सुटतातही. ओढण्याचे काम या जोडण्या-सुटण्यातूनच होते. सुटणे थांबले तर नळी तिथेच अडकते.

कर्करोगावर चालणारी काही वनस्पतिजन्य द्रव्ये तोवर माहीत होती. सदाफुलीतून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही त्यांतली प्रमुख. सदाफुलीचा अभ्यास कॅनडात मधुमेहासाठी सुरू झाला होता. अर्काने साखर उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या निरीक्षणातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली. सदाफुलीची द्रव्ये ट्युब्युलिनच्या नळ्या बनूच देत नाहीत. टॅक्सॉल याच्या उलट वागले. त्याने नळ्या भराभर बनवल्या आणि बनलेल्या सुटू दिल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत नळ्यांचे जुडगे साचलेले दिसत. गुणसूत्रे रांगेत येऊन खोळंबत आणि अखेर पेशी मरे. असे वागणारे द्रव्य आधी कुणी पाहिले नव्हते. बेताच्या परिणामाचे टॅक्सॉल चाचण्यांपर्यंत पोचले ते या नव्या कार्यपद्धतीमुळे, असे माझे मत आहे.

शिरेतून कसे द्यायचे

टॅक्सॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तोंडाने दिले तर आतड्याच्या पेशी त्याला परत बाहेर ढकलतात आणि जे थोडे आत जाते त्याचा बराचसा भाग यकृत मोडून टाकते. म्हणजे शिरेतूनच द्यायचे, पण कशात विरघळवून? शेवटी अल्कोहोल आणि क्रेमोफोर यांचे मिश्रण निवडले. क्रेमोफोर हे एरंडेल तेलापासून बनवलेले दाट, फेसाळणारे विद्रावक आहे.

१९८४ मध्ये माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि लगेच संकट आले. औषध शिरेत जायला लागून काही मिनिटे होतात न होतात तोच काही रुग्णांचा चेहरा लालबुंद होई, छाती आवळल्यासारखी वाटे, श्वास कोंडे, रक्तदाब कोसळे. काही रुग्ण दगावले. चाचण्या बंद पडायच्या बेतात आल्या. संशय मुख्यतः क्रेमोफोरवर होता. त्यावर काढलेला मार्ग साधा होता : औषध २४ तास अगदी हळू सोडायचे, आणि त्याआधी ठरलेल्या वेळी स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक औषधे द्यायची. प्रतिक्रिया पुष्कळ घटल्या. पुढे तीन तासांतही औषध देता येऊ लागले. क्रेमोफोर पीव्हीसीच्या नळीतला प्लॅस्टिक मऊ करणारा घटक विरघळवून घेतो, म्हणून नळी वेगळ्या प्लॅस्टिकची लागते आणि वाटेत बारीक गाळणीही बसवावी लागते.

वॉल आणि वाणी यांच्याच दुसऱ्या शोधाची इथे आठवण होते. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले होते. तेही पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून चाचण्यांसाठी त्याचे सोडियम क्षार बनवले. क्षार विरघळले खरे, पण ते करताना रेणूतली एक कडी उघडली आणि औषधाचा जोर त्या बंद कडीतच होता. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, गुण मात्र फारसा आला नाही आणि काम थांबले. ते द्रव्य पेशीत कशावर काम करते हे १९८५ मध्ये कळल्यावर कडी शाबूत ठेवून त्याची नवी रूपे बनवली गेली. टोपोटेकन आणि इरिनोटेकन यांना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये, मूळ शोधानंतर ३० वर्षांनी.

‘मग त्या झाडाचा काढा घेतला तर?’ असा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच हसणार नाही, कारण तो प्रश्न जगण्याच्या ओढीतून येतो. पण उत्तर ठाम द्यायला हवे. यूच्या पानांत आणि बियांत टॅक्सिन नावाची अल्कलॉइडे असतात आणि ती हृदयाची लय बिघडवून जीव घेतात. काढ्यातून टॅक्सॉल रक्तात पोचणार नाही, टॅक्सिन मात्र पोचेल. औषध आणि विष एकाच झाडात आहेत, आणि त्यांना वेगळे करणे म्हणजेच वॉल आणि वाणी यांची ती थरांमागून थर तपासण्याची वर्षे.

त्याच काळातली दुसरी एक गोष्टही सांगायला हवी. जर्दाळूच्या बियांतल्या अमिग्डॅलिन या द्रव्याशी नाते असलेले लेट्राइल अमेरिकेत हजारो लोक कर्करोगावर म्हणून घेत होते. लोकांचा दबाव इतका वाढला की याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्याची रीतसर चाचणी करवली. निकाल १९८२ मध्ये आला. १७८ रुग्णांना औषध दिले गेले, रोगावर काहीही उपयोग झाला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोकादायक पातळीपर्यंत चढले. दोन्ही द्रव्ये वनस्पतींतून आली, दोन्ही एकाच मापाने मोजली गेली. त्यातले एक टिकले.

झाडांचा हिशेब

आता मूळ अडचणीकडे. पुढे रूढ झालेली मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम अशी आहे. रुग्णाचा पृष्ठभाग १.६ चौरस मीटर धरला तर एका वेळेला २८० मिलिग्रॅम. तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा दिले तर जवळपास १.७ ग्रॅम. मोठ्या प्रमाणावर काढताना १० किलो सालीतून ढोबळमानाने एक ग्रॅम टॅक्सॉल मिळे, म्हणजे एका रुग्णाला १७ किलो साल. शंभरेक वर्षांच्या झाडाची साल भरते तीन किलोच्या आसपास. यूची साल पातळ, जांभळट-तांबूस आणि पापुद्र्यांची असते. ओरबाडून काढली तरी तिचे वजन होत नाही.

अमेरिकेतल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या आणि मेलॅनोमाच्या सगळ्या रुग्णांना औषध द्यायचे तर वर्षाला ३,६०,००० झाडे लागतील असा हिशेब तेव्हा मांडला गेला. हा आकडा वाचून मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. एका बाजूला मरणाच्या दारातली स्त्री आणि दुसऱ्या बाजूला शंभर वर्षे सावलीत वाढलेली सहा झाडे. माझ्या घरातला रुग्ण असता तर मी झाडे तोडा म्हणालो असतो, आणि दोन वर्षांनी येणाऱ्या रुग्णाला औषध उरले नसते. ज्या जुन्या जंगलात यू वाढतो तिथेच ठिपकेदार घुबडही राहते, आणि १९९० मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळाले. झाडे की माणसे, असा वाद पेटला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू काहीतरी मोलाचे वाचवू पाहत होत्या. यूची नासाडी न करता तोड कशी करावी याचा वेगळा कायदा १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने केला.

दरम्यान, राष्ट्रीय कर्करोग संस्थेने औषध बाजारात आणण्यासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले आणि १९९१ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीशी करार झाला. २९ डिसेंबर १९९२ रोजी अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, १९९४ मध्ये स्तनाच्या. टॅक्सॉल हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क झाले आणि द्रव्याला पॅक्लिटॅक्सेल हे नवे नाव घ्यावे लागले. सरकारी जंगलातली साल आणि सरकारी पैशावरचे संशोधन असताना औषधाची किंमत एवढी का, हा प्रश्न संसदेत विचारला गेला. तो योग्यच होता.

पाने

उत्तर आले फ्रान्समधून. पॅरिसजवळच्या जिफ-सुर-इव्हेत इथे पिएर पोतिए यांची प्रयोगशाळा होती. त्यांच्या तिथल्या संस्थेच्या आवारातून रस्ता काढण्यासाठी युरोपीय यूची काही झाडे तोडली गेली, तेव्हा पोतिए यांच्या गटाने झाडाचा प्रत्येक भाग वेगळा तपासायला घेतला. पानांत टॅक्सॉल फारसे नव्हते. मात्र त्याचा गाभा होता, साखळीविना. दहा-डिअॅसेटिलबॅकॅटिन-तीन हे त्याचे नाव. प्रमाण एका किलो पानांत जवळपास एक ग्रॅम, म्हणजे सालीतल्या टॅक्सॉलच्या दहापट. शिवाय पाने छाटली तर पुन्हा फुटतात.

निसर्गाने गाभ्याचे अवघड काम पानात करून ठेवले होते, रसायनशास्त्रज्ञांना साखळी जोडायची होती. १९८८ मध्ये पोतिए आणि अँड्र्यू ग्रीन यांच्या गटांनी ते करून दाखवले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात रॉबर्ट हॉल्टन यांनी अधिक उत्पादन देणारी पद्धत शोधली आणि कंपनीने तिचा परवाना घेतला. १९९३ मध्ये कंपनीने सरकारी जंगलातली साल घेणे थांबवत असल्याचे जाहीर केले. १९९४ च्या अखेरीस पानांच्या गाभ्यापासून बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली. पोतिए यांना वाटेतच आणखी एक सरस रेणू सापडला. डोसेटॅक्सेल म्हणून तो आज वापरात आहे.

याच १९९४ साली हॉल्टन आणि के. सी. निकोलाऊ यांच्या गटांनी टॅक्सॉल अगदी सुरुवातीपासून प्रयोगशाळेत बांधून दाखवले. रसायनशास्त्रात ही मोठी कामगिरी मानली जाते. रुग्णाच्या दृष्टीने तिचा उपयोग झाला नाही, कारण पायऱ्या फार आणि हाती येणारे उत्पादन फार थोडे. पानांचा मार्ग तिच्यापेक्षा कितीतरी सोपा होता.

पण पानांची मागणी वाढली तसा हिमालयातल्या यूवर ताण आला. तिथे पाने छाटण्याऐवजी अख्ख्या फांद्या आणि साल ओरबाडली गेली. १९९५ मध्ये हिमालयीन यूचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत करावा लागला. पुढे यूच्या पेशीच टाक्यांमध्ये साखर आणि पोषक द्रव्ये देऊन वाढवण्याची पद्धत आली आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने आपले उत्पादन त्या मार्गावर नेले.

औषधाने रुग्णाला काय दिले, याचा आकडा १९९६ चा आहे. अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाबरोबर जुने औषध दिलेल्या स्त्रियांचा मध्यक जगण्याचा काळ (निम्म्या जणी ज्याहून अधिक जगल्या तो) २४ महिने होता, पॅक्लिटॅक्सेल दिलेल्यांचा ३८ महिने. म्हणजे १४ महिन्यांचा फरक. बार्कले यांनी साल पाठवली त्याला तेव्हा ३४ वर्षे झाली होती.

केस जातात, पांढऱ्या पेशी घटतात, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असते. पण चेतातंतूंतही त्याच ट्युब्युलिनच्या नळ्या असतात. कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंत माल त्यांच्यावरूनच वाहून नेला जातो, आणि पॅक्लिटॅक्सेल त्यांनाही ताठ करते. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात. हे खात्रीने टाळणारे औषध अजून नाही. मात्रा कमी करावी लागते, नाहीतर फेरी लांबवावी लागते. म्हणून जाणते डॉक्टर पुढची बाटली लावण्यापूर्वी विचारतात की सदऱ्याचे बटण स्वतःचे स्वतःला लावता येते का, खाली पडलेले नाणे चिमटीत धरता येते का.